तेवीस चुका

यंत्र माणसाशी प्रथमच शुद्ध मराठीत बोललं, ती ऐतिहासिक घटना एका मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता तारळगावच्या तांत्रिक विद्यालयात घडली. त्या क्षणाला साक्षीदार म्हणून तपासणीला आलेले एक साहेब, मुख्याध्यापक, संगणकाच्या बाई, नऊ मुलं आणि मी हजर होतो. खिडकीपाशी दिनकर मोरबाळे उभे होते; यंत्राला बोलतं त्यांनीच केलं होतं. यंत्र म्हणालं, "ओळ दहा वाचली. कळली नाही. पुन्हा वाचली. तरी नाही."

"हे कोण म्हणतंय?" साहेबांनी चष्मा वर केला.

"संगणक, सर," बाई म्हणाल्या.

"मला?"

"नाही सर, या मुलीला. घाईत तिचं एक अक्षर गळलं."

साहेबांनी पडद्यावरची ओळ परत वाचली आणि हसले. मुख्याध्यापक अर्ध्या सेकंदानं हसले. ती मुलगी रडायच्या बेतात होती, तीही हसली. मी हसलो नाही. ते वाक्य माझं होतं, आणि आपल्याच वाक्याला हसू नये एवढा संयम एकवीस वर्षांच्या धंद्यात मी कमावला होता.

बाई म्हणजे रोहिणी चौगुले. आमच्या छापखान्यात तिचे वडील खिळे जुळवायचे. मी गावच्या साप्ताहिकात दर शनिवारी विनोदी सदर लिहायचो आणि चौगुले ते जुळवता जुळवता हसायचे. त्यांच्या हसण्यानं किती ओळी चुकल्या त्याची गणती नाही. पुढे चौगुले गेले, मग छापखाना गेला, मग साप्ताहिकानं माझ्या जागेवर राशिभविष्य सुरू केलं. माझ्यापेक्षा ते जास्त विनोदी असल्याचं मला लोकांनी थांबवून सांगितलं.

रोहिणी त्या शाळेत सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे नोकरी असते आणि नसतेही. त्या वर्षी पहिल्यांदाच काहीतरी व्हायची शक्यता होती. एका बँकेनं आपले अकरा जुने संगणक शाळेला दान दिले होते. दान दिले म्हणजे त्यांना ठेवायला जागा नव्हती. त्यातले नऊ चालत होते, सगळे विंडोज अठ्ठ्याण्णवचे. नवीन काही आत घातलं की निळा पडदा दाखवून गप्प बसायचे. पण कक्ष चालू आहे, मुलं त्यावर स्वतः प्रोग्रॅम लिहितात, असं तपासणीला येणाऱ्या साहेबांनी लिहून दिलं की संगणक शिक्षकाचं पद मान्य होणार होतं. पद मान्य झालं की त्यावर रोहिणी. नाही झालं तर जूनपासून हजेरीपटावर तिचं नाव नाही. तिला अडतिसावं चालू होतं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. घरात आई, आणि आईला आता जिने चढवत नव्हते. हे सगळं तिनं मला माझ्या अंगणात बसून, लिंबाच्या सरबताचा पेला हातात धरून, न पिता सांगितलं होतं.

मोरबाळ्यांकडे ती आधीच जाऊन आली होती. मोरबाळे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर लोक जसे देवळात जातात तसे ते संगणकासमोर बसत. तिनं त्यांना सांगितलं, मुलांना प्रोग्रॅम लिहायची बेसिक भाषा शिकवायचीय, या जुन्या डबड्यांवर चालेल असं काही द्या. मोरबाळ्यांनी तीन दिवस विचार केला आणि म्हणाले, मी लिहितो.

"अहो, पण असलं आयतं मिळत नाही का?" मी त्यांना विचारलं. ते माझ्याकडे एक वही घेऊन आले होते.

"मिळतं की. पण ते इंग्रजीत रागावतं. पोरं हात मागे घेतात." त्यांनी वही उघडली. "आता बघा लेखक, हा नुसता दुभाषा असतो. पोरगं एक ओळ लिहितं. दुभाषा ती वाचतो, यंत्राला समजावतो, यंत्र तसं करतं. मग पुढची ओळ. आपला दुभाषा एका फ्लॉपीत मावला पाहिजे, आणि फुकट पाहिजे."

"आणि ओळच चुकली तर?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. तेवीस तऱ्हेनं चुकता येतं. मी मोजलंय. प्रत्येक चुकीला एक वाक्य हवं. मला सांगता येत नाही. खात्यात आम्ही एकच वाक्य बोलायचो, 'बघतो' म्हणून."

वहीत चौकटींचा कागद होता आणि चौकटींत काळे ठिपके भरून अक्षरं काढली होती. त्या जुन्या यंत्रांना मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून मोरबाळ्यांनी सगळी बाराखडी ठिपक्याठिपक्यानं काढली होती. जोडाक्षरांसकट. 'क्ष'वर खाडाखोड दिसत होती.

"याला दोन दिवस लागले," ते म्हणाले. "शक्यतो वापरू नका."

दुभाष्याचं नाव त्यांनी 'पाटी' ठेवलं होतं. मला त्या नावात काही विनोद करायला जागा दिसली नाही, हे त्या कामाबद्दलचं माझं पहिलं दुःख.

पण वाक्यं मी लिहिली. तीन वर्षं मला कोणी वाचलं नव्हतं. नऊ यंत्रं, तीन वर्ग, दर तासाला निदान दीडशे चुका. एवढा वाचक मला साप्ताहिकानंही दिला नव्हता, आणि हा वाचक तर चुकल्याशिवाय राहणारच नव्हता. मी आठ दिवस दार लावून बसलो. प्रोग्रॅममध्ये फेरा सुरू करून मिटवायचा राहिला, तर: "सुरुवात झाली, शेवट नाही. ही समिती आहे काय?" नसलेल्या ओळीवर जायला सांगितलं, तर: "ओळ तीनशेवर जाऊन आलो. तिथे कोणी राहत नाही." जागा संपली, तर: "आज एवढंच. उद्या अर्ज घेऊन या." आणि फाईल मिळाली नाही, तर: "फाईल सापडत नाही. साहेब जेवायला गेलेत."

मोरबाळ्यांनी ती वाक्यं जशीच्या तशी, स्वल्पविरामासकट भरली. त्यांची एक सवय होती. दुसऱ्यानं लिहून दिलेल्या मजकुरातला काना त्याच्या सहीशिवाय ते हलवत नसत. खात्यात कुणाच्या तरी तारेतला एक शब्द बदलला गेला होता आणि चुकीचा माणूस मेल्याचं कळवलं गेलं होतं, तेव्हापासूनची सवय. कोणी बदलला ते त्यांनी सांगितलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहिले.

"लेखक, सहा वाक्यं काढावी म्हणतो. कागद आणलाय. इथे सही करा."

"कुठली सहा?"

"समिती, अर्ज, साहेब जेवायला गेलेत... ही असली. उद्यापुरती. तिथे 'चूक' एवढंच येईल."

"रोहिणीनं सांगितलं?"

"मॅडम काही बोलल्या नाहीत. मला वाटलं."

"मोरबाळे," मी म्हणालो, "तो माणूस रोज चार शाळा बघतो. सगळीकडे तेच हार, तेच नारळ. इथे त्याला जिवंत काहीतरी भेटेल. सहा काढली तर उरलेल्या सतरांचा तोल जातो."

"तोल म्हणजे?"

"तुम्हाला नाही कळणार."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "बरं," म्हणाले. "उद्या साडेदहाला."

तर साहेब हसले. पोतनीस त्यांचं नाव. मला वाटलं होतं तसा तो माणूस नव्हता. घामाघूम, सभ्य, कंटाळलेला. पायात चावणारे नवे बूट असावेत, कारण ते सारखे एका पायावर भार देत होते. बारा वाजता त्यांना पुढच्या शाळेत पोचायचं होतं. निघण्यापूर्वी आमच्यासाठी पस्तीस मिनिटं होती.

नऊ मुलांनी नऊ प्रोग्रॅम लिहिले होते. एकीनं भिंतीची लांबी-उंची घालून विटा किती लागतील ते काढलं होतं. एकानं जन्मतारीख घातली की वार सांगणारा. एका मुलानं, ज्याचं घर धरणाखाली गेलं होतं, त्यानं पडद्यावर रेघांनी ते घर काढलं होतं; कळ दाबली की दार उघडायचं. रोहिणीनं ते सगळे माझ्यासमोर दहा-दहा वेळा चालवून घेतले होते. विटांची मुलगी पहिली होती, म्हणून गडबडली.

"आणखी काय काय म्हणतं हे?" साहेबांनी विचारलं.

"सर, आता ही दुरुस्त करून दाखवेल. विटांचा हिशोब आहे, फार छान..."

"हो हो, बघू. पण समजा मी काही चुकीचं लिहिलं तर?"

मुख्याध्यापकांनी मुलीला उठवून साहेबांना खुर्ची दिली. साहेबांनी दोन बोटांनी काहीबाही लिहिलं. समितीचं वाक्य आलं. साहेब आधी गंभीर झाले. मोरबाळ्यांनी खिडकीचा गज धरला. मग साहेब असे हसले की खुर्ची मागे सरकली.

"कोण हो हा? कुणी लिहिलंय?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. मी नम्र झालो.

"तुमचं सदर यायचं ना? आमच्या घरी शनिवारी आधी कोण वाचणार यावर भांडण व्हायचं."

हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षं जिवंत राहिलो होतो. मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तो तिथेच राहिला. साहेबांनी फाईल मागितली. ती सापडली नाही, साहेब जेवायला गेले होते. "अरे देवा," म्हणत त्यांनी डोळे पुसले. त्यांनी अर्जाचं वाक्य पाहिलं, तीनशेव्या ओळीवर कोणी राहत नाही ते पाहिलं. ड्रायव्हरला बोलावून दाखवलं. ड्रायव्हर हसला नाही, पण त्याला गाडीची काळजी असावी.

"सर," रोहिणी म्हणाली, "दहा मिनिटं आहेत. एक-दोन मुलांचं काम तरी..."

"हो, हो. दाखवा." साहेब उठायला लागले. घर काढणारा मुलगा कळेवर बोट ठेवून उभा होता. तेवढ्यात आणखी एक चूक निघाली, साहेब परत बसले आणि ती दहा मिनिटं संपली.

जाताना साहेबांनी पाटीची एक फ्लॉपी मागून घेतली. "ऑफिसात सगळ्यांना दाखवतो," म्हणाले. माझा हात दोन्ही हातांत धरला. गाडी गेली तेव्हा मुख्याध्यापकांनी भजी मागवली.

"झालं काम!" ते म्हणाले. "एवढा खूश अधिकारी मी नोकरीत पाहिला नाही."

रोहिणी यंत्रं बंद करत होती, एकेक करून. "काका, त्यांनी एकाही मुलाचं काही बघितलं नाही," ती म्हणाली.

"अगं, माणूस खूश होऊन गेला. आणखी काय पाहिजे?"

ती मोरबाळ्यांकडे बघायला लागली.

"खूश होऊन गेले हे खरं," मोरबाळे म्हणाले, आणि त्यांनी भजी घेतली नाहीत.

अहवाल सव्वा महिन्यानं आला. मुख्याध्यापकांनी मला तो वाचायला दिला. मी एवढा भाषेचा माणूस, काही वेगळा अर्थ निघतो का ते बघायला. "सदर कक्षातील आज्ञावली ही स्थानिक पातळीवर तयार केलेली असून ती प्रामुख्याने करमणुकीच्या स्वरूपाची असल्याचे निदर्शनास आले. विद्यार्थ्यांच्या कार्याची प्रात्यक्षिके पाहावयास मिळाली नाहीत. सबब पद मान्य करण्यास वाव नाही. यंत्रे कालबाह्य असल्याने निर्लेखित करण्यात यावीत." खाली पोतनीस यांची सही, वळणदार.

मी तो चार वेळा वाचला. एक शब्द खोटा नव्हता. मी एकवीस वर्षं लिहिलं, पण इतकं नेमकं मला कधी जमलं नाही.

मग मी महिनाभर पोतनिसांना शिव्या दिल्या. कट्ट्यावर, पोस्टात, न्हाव्याकडे. माणूस तोंडावर हसतो आणि मागे असं लिहितो, ही वृत्ती, हा काळ, वगैरे. लोक माना हलवायचे. एकानं तर यावर परत सदर सुरू करा म्हणून सुचवलं, आणि मी मनात पहिली ओळ जुळवायलाही लागलो होतो.

त्या दिवसांत मी मोरबाळ्यांकडे गेलो नव्हतो. तेच एका दुपारी आले. ह्या वेळी चप्पल काढून आत आले, कागद टेबलावर ठेवला.

"सगळीच वाक्यं काढतोय," ते म्हणाले. "आता चूक एक, चूक दोन, असे नुसते नंबर. तेवीसपर्यंत. इथे सही लागेल."

"आता कशाला, मोरबाळे? शाळेचे संगणक तर भंगारात चाललेत."

"असतील की जुनी यंत्रं कुणाकडे तरी. फुकट आहे म्हटल्यावर कोणी मागितलं तर द्यावं लागेल."

"त्या पोतनिसानं घात केला आपला."

मोरबाळ्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्हाला नाही वाटत तसं?"

"पोतनीस उठले होते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"खुर्चीतून उठले होते. त्या पोराकडे वळले होते. मी खिडकीपाशी होतो, मला समोरून दिसत होतं." ते पेन धरूनच होते. "तुम्ही म्हणालात, 'साहेब, एकदा शून्यानं भागून बघा की.'"

मी म्हणालो होतो. तोवर तेवीसपैकी ते एकच वाक्य राहिलं होतं, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगलं तेच होतं: "शून्य जणांत वाटायचं होतं, तर आणलं कशाला?" ते त्यांनी न बघता जावं हे मला सोसलं नाही. साहेब परत बसले, त्यांनी शून्यानं भागलं आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी रोहिणीनंच आणून दिलं.

"तिनं ऐकलं?" मी विचारलं.

"त्या तुमच्या शेजारीच उभ्या होत्या."

"मग काही बोलली का नाही?"

"काय बोलणार? तुम्ही त्यांच्या वडिलांच्या वयाचे. आणि हसत होतात."

मी सही केली. त्यांनी ती नीट वाचली, शाई वाळेपर्यंत थांबले आणि घडी न घालता कागद घेऊन गेले. मोरबाळे गेले त्याला आता चार वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी काढावा असं त्यांनी मला कधी वाटू दिलं नाही. त्यांच्या मागे त्यांच्या मुलानं मला सांगितलं की पाटी एकूण चौदा जणांनी मागून नेली. त्यातला एक म्हणे लडाखचा होता. चुकांचे नुसते नंबर असल्यानं त्याला मराठीची अडचण आली नाही.

रोहिणी पुढे कोल्हापूरला गेली. एका कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं संगणकात भरते, असं ऐकलं. पण जाण्यापूर्वी एकदा मी तिला भेटलो होतो, ते सांगायचं राहिलं. एप्रिलची अखेर होती, शाळेचा शेवटचा दिवस. मी चार दिवस खपून बोलायचं काय ते ठरवलं होतं. त्यात एकही विनोद नव्हता. तिच्या वडिलांचं नाव होतं, दहा मिनिटांचा उल्लेख होता, आणि मी तुझ्यापुढे फार लहान माणूस आहे, असं सरळ वाक्य होतं. मी स्कूटर काढली, शाळेत पोचलो, फाटकात लावली आणि चालत कक्षापर्यंत गेलो. वाटेत दोनदा ते पाठ म्हटलं.

रोहिणी जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होती. प्रत्येक वायरीला सुतळीची गाठ आणि गाठीला नंबराची चिठ्ठी. संगणक भिंतीशी एकावर एक रचलेले होते आणि पडद्यांवर धूळ बसू नये म्हणून तिनं वर वर्तमानपत्र टाकलं होतं. भंगारात जायच्या वस्तूंवर.

"रोहिणी," मी म्हणालो, "मला तुला काही सांगायचंय. त्या दिवशी जे झालं..."

तिनं वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे, फाटकाकडे. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ती उठली, साडीला लागलेली धूळ झटकली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी केली होती.

"काका," ती म्हणाली, "तेवढी तुमची स्कूटर जरा बाजूला घेता का? टेम्पो आत यायचाय."